मोटारसायकलींची एमओटी चाचणी

मोटारसायकलींची एमओटी चाचणी ही ग्रेट ब्रिटनमध्ये (इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स) मोटारसायकल, स्कूटर व मोपेड या वाहनांची दरवर्षी होणारी सक्तीची तपासणी आहे. वाहन पहिल्यांदा नोंदले गेल्यापासून तीन वर्षे पूर्ण झाली, की ते सार्वजनिक रस्त्यावर चालवण्यासाठी या तपासणीचे वैध प्रमाणपत्र असावे लागते. ‘एमओटी’ हे ‘मिनिस्ट्री ऑफ ट्रान्सपोर्ट’ (परिवहन मंत्रालय) या नावाचे आद्याक्षरी रूप आहे. त्या नावाचे मंत्रालय आज अस्तित्वात नाही; तथापि चाचणीचे नाव लोकांच्या बोलण्यात आणि शासकीय कागदपत्रांत कायम राहिले आहे. चाचणीचे नियमन ड्रायव्हर अँड व्हेइकल स्टँडर्ड्स एजन्सी (डीव्हीएसए) ही शासकीय संस्था करते. प्रत्यक्ष तपासणी मात्र या संस्थेने अधिकृत केलेल्या खाजगी गॅरेजांत होते. उत्तर आयर्लंडमध्ये स्वतंत्र व्यवस्था असून तेथे शासकीय केंद्रांतच चाचणी घेतली जाते आणि पहिली चाचणी चार वर्षांनी होते.

ही चाचणी वाहन त्या दिवशी किमान सुरक्षा निकषांत बसते की नाही, एवढेच ठरवते. इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स यांची अंतर्गत स्थिती तीत पाहिली जात नाही. त्यामुळे चाचणीचा निकाल म्हणजे वाहनाच्या विश्वासार्हतेचे प्रमाणपत्र नव्हे. तरीही देशभरातील चाचण्यांचे निकाल एकत्र नोंदले जात असल्याने मोटारसायकलींचे कोणते भाग प्रत्यक्ष वापरात लवकर निकामी होतात, हे समजण्याचे ते एक महत्त्वाचे साधन ठरले आहे.

## इतिहास

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनच्या रस्त्यांवर युद्धपूर्व काळातील जुनी वाहने मोठ्या संख्येने धावत होती. त्यांच्या तपासणीची कायदेशीर तरतूद १९५६ च्या रोड ट्रॅफिक ॲक्टने केली आणि परिवहनमंत्री अर्नेस्ट मार्पल्स यांच्या कारकिर्दीत १९६० मध्ये चाचणी सुरू झाली. आरंभी ती दहा वर्षांहून जुन्या वाहनांपुरती होती आणि तीत ब्रेक, दिवे व सुकाणू या तीनच गोष्टी पाहिल्या जात. अनुत्तीर्ण वाहनांचे प्रमाण अपेक्षेहून बरेच मोठे निघाल्यामुळे ही वयोमर्यादा लवकरच सात वर्षांवर आणि १९६७ मध्ये तीन वर्षांवर आणली गेली. १९६८ मध्ये टायरांचा, तर १९७७ मध्ये इंडिकेटर, ब्रेकचे दिवे, हॉर्न, सायलेन्सर व वाहनाचा सांगाडा यांचा तपासणीत समावेश झाला.

२००५ पासून चाचण्यांची नोंद संगणकीय पद्धतीने होऊ लागली. त्यापूर्वी प्रमाणपत्र हा केवळ कागद होता आणि तो बनावट करणे फारसे अवघड नव्हते. संगणकीकरणानंतर प्रत्येक चाचणीचा निकाल, आढळलेले दोष आणि त्या वेळी मीटरवर असलेले अंतर मध्यवर्ती नोंदवहीत साठू लागले. नोंदणी क्रमांकाच्या आधारे ही माहिती आज कोणालाही विनामूल्य पाहता येते.

२० मे २०१८ पासून दोषांची नवी श्रेणीरचना लागू झाली. त्याच दिवसापासून, चाळीस वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात मोठा बदल न झालेली वाहने चाचणीतून वगळण्यात आली. कोविड-१९ साथीच्या काळात ३० मार्च २०२० पासून मोटारी, मोटारसायकली व हलक्या व्हॅनच्या प्रमाणपत्रांना सहा महिन्यांची मुदतवाढ देण्यात आली होती. ही सवलत १ ऑगस्ट २०२० रोजी संपली. पहिली चाचणी तीनऐवजी चार वर्षांनी घ्यावी या प्रस्तावावर २०२३ मध्ये जनतेची मते मागवण्यात आली. परंतु जानेवारी २०२४ मध्ये शासनाने तीन वर्षांचीच मर्यादा कायम ठेवली.

## वर्गवारी, केंद्रे व शुल्क

चाचणीसाठी वाहनांचे वर्ग पाडलेले आहेत. २०० घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनांच्या दुचाकी वर्ग १ मध्ये येतात, तर वर्ग २ चा परवाना असलेल्या केंद्रात सर्व दुचाकी तपासता येतात. दोन्ही वर्गांत साइडकार जोडलेल्या मोटारसायकलींचा समावेश होतो. ४५० किलोग्रॅमपर्यंत वजनाच्या तीनचाकी वाहनांसाठी वर्ग ३ आहे. दुचाकी तपासणाऱ्या परीक्षकाची पात्रता मोटारींच्या परीक्षकाहून वेगळी असते आणि ती टिकवण्यासाठी त्याला दरवर्षी प्रशिक्षण व मूल्यमापन पूर्ण करावे लागते. अधिकृत केंद्राची खूण म्हणून निळ्या पार्श्वभूमीवर तीन पांढरे त्रिकोण असलेला फलक लावलेला असतो.

शुल्काची कमाल मर्यादा शासनाने ठरवलेली असून मोटारसायकलीसाठी ती २९.६५ पौंड, तर साइडकार असल्यास ३७.८० पौंड आहे. केंद्रांना यापेक्षा कमी शुल्क आकारण्याची मोकळीक असते. प्रमाणपत्राची मुदत संपण्याच्या आधी एका महिन्यात चाचणी करून घेतली, तरी पुढील वर्षाची मुदत जुन्या तारखेपासूनच मोजली जाते. वैध प्रमाणपत्राविना वाहन चालवल्यास १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. आधीच ठरवलेल्या चाचणीसाठी वाहन केंद्रापर्यंत नेण्यास मात्र मुभा आहे.

## तपासणीचे स्वरूप

परीक्षक वाहनाचा कोणताही भाग सुटा करून पाहत नाही. डोळ्यांनी पाहणे, हाताने हलवून पाहणे आणि काही ठराविक उपकरणांनी मापन करणे, एवढ्यावर चाचणी आधारलेली असते.

### ब्रेक

दुचाकीला पुढील व मागील चाकासाठी सहसा दोन स्वतंत्र ब्रेक असतात. रोलर यंत्र, पट्टी-यंत्र किंवा वेगऱ्हास मोजणाऱ्या उपकरणाच्या साहाय्याने त्यांची कार्यक्षमता मोजली जाते. दोहोंपैकी एका ब्रेकची कार्यक्षमता किमान ३० टक्के आणि दुसऱ्याची किमान २५ टक्के असावी लागते. येथे टक्केवारी म्हणजे ब्रेकने निर्माण केलेल्या रोधक बलाचे वाहनाच्या वजनाशी असलेले प्रमाण होय. यांखेरीज ब्रेक पॅडची जाडी, डिस्कची झीज व तडे, तेलाची गळती, नळ्यांची स्थिती आणि लिव्हर व पेडल यांची चाल पाहिली जाते. घर्षण अस्तराची जाडी १ मिलिमीटरपेक्षा कमी झाली असेल, तर वाहन नापास होते.

### सुकाणू व निलंबन

पुढचे चाक जमिनीवरून उचलून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवले जाते. फिरवताना खरखर लागणे, मध्यभागी अडकल्यासारखे वाटणे किंवा फोर्क पुढेमागे ओढल्यावर ढिलेपणा जाणवणे, ही हँडलच्या बेअरिंगच्या झिजेची लक्षणे होत. महाराष्ट्रातील गॅरेजांत या बेअरिंगच्या जोडीला ‘कोनसेट’ म्हणतात. हँडल फिरवताना केबल ताणल्या जात नाहीत ना, तसेच पकड पेट्रोलच्या टाकीवर आदळत नाही ना, हेही याच वेळी तपासले जाते.

फोर्कच्या नळ्यांवरील क्रोमचा थर, ऑइल सीलमधून होणारी गळती, मागील शॉक ॲब्सॉर्बरची दमनक्षमता आणि स्विंग आर्मच्या बेअरिंगमधील बाजूची हालचाल या निलंबनाच्या प्रमुख कसोट्या आहेत. पुढील व मागील चाक एका रेषेत आहेत की नाहीत, हेही पट्टी किंवा दोरी लावून अथवा यंत्राद्वारे पाहिले जाते. अपघातात सांगाडा वाकला असल्यास किंवा चेन घट्ट करताना मागील आस तिरका बसवला गेल्यास ही रेषा चुकते.

### चाके व टायर

५० घनसेंटिमीटरपेक्षा मोठ्या इंजिनाच्या दुचाकीच्या टायरवर, नक्षीच्या रुंदीच्या किमान तीन-चतुर्थांश भागात आणि संपूर्ण परिघावर १ मिलिमीटर खोल खाचा असाव्या लागतात; उरलेल्या भागातही नक्षी दिसली पाहिजे. मोटारींसाठी हीच मर्यादा १.६ मिलिमीटर आहे. ५० घनसेंटिमीटरपर्यंतच्या वाहनांना खोलीची अट नाही. तेथे मूळ नक्षी स्पष्ट दिसणे पुरेसे असते. टायरवरील फुगवटे, खोल चिरा, आतील धागे उघडे पडणे आणि बाणाने दाखवलेल्या फिरण्याच्या दिशेच्या उलट टायर बसवणे, हे दोष मानले जातात. रिमचे तडे, सैल वा तुटलेले आरे आणि चाकाच्या बेअरिंगमधील ढिलेपणा यांचीही तपासणी होते.

### दिवे व विद्युत यंत्रणा

पुढील व मागील दिवे, ब्रेकचा दिवा, इंडिकेटर, मागील परावर्तक आणि हॉर्न यांचा यात समावेश होतो. पुढील दिव्याच्या झोताची दिशा उपकरणाने मोजली जाते. इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकला पाहिजे. नियम वाहनाच्या वयानुसार बदलतात. १ ऑगस्ट १९८६ पूर्वी प्रथम वापरात आलेल्या मोटारसायकलींना इंडिकेटर असण्याची सक्ती नाही. १ एप्रिल १९८६ पासून वापरात आलेल्या वाहनांत मात्र ब्रेकचा दिवा पुढील आणि मागील अशा दोन्ही ब्रेकांनी लागला पाहिजे.

ज्या दुचाकीला दिवे बसवलेलेच नाहीत किंवा ते कायमचे खंडित करून झाकले आहेत, अशा दुचाकीची चाचणी दिव्यांविना घेता येते. तिच्या नोंदीत वाहन केवळ दिवसा आणि चांगल्या दृश्यमानतेत वापरायचे असल्याची सूचना दिली जाते. जंगलवाटांवर चालवण्याच्या हलक्या मोटारसायकलींसाठी या तरतुदीचा उपयोग होतो.

### इतर बाबी

सांगाड्यावरील गंज व तडे, सीट व फुटरेस्टची मजबुती, चेनचा ताण, स्प्रॉकेटच्या दातांची झीज, चेनचे कव्हर, इंधनाची गळती, सायलेन्सर आणि मागील नंबरप्लेट यांची पाहणी होते. ‘रस्त्यावर वापरासाठी नाही’ अशा अर्थाची खूण असलेला सायलेन्सर बसवला असेल, तर वाहन नापास ठरते. मोटारींप्रमाणे धुरातील वायूंचे उपकरणाने मापन दुचाकींच्या बाबतीत होत नाही. आवाजाची पातळीही मीटरने न मोजता परीक्षकाच्या निर्णयावर सोपवलेली असते.

## दोषांच्या श्रेणी

२०१८ पासून आढळलेल्या प्रत्येक दोषाची पुढीलपैकी एका श्रेणीत नोंद होते.

* धोकादायक: रस्ता-सुरक्षेला तात्काळ आणि थेट धोका असलेला दोष. वाहन नापास होते आणि दुरुस्तीपूर्वी ते चालवता येत नाही. असे वाहन चालवल्यास २,५०० पौंडांपर्यंत दंड, परवान्यावर तीन गुणांची नोंद आणि वाहन चालवण्यास बंदी होऊ शकते.
* मोठा: सुरक्षेवर किंवा पर्यावरणावर परिणाम करू शकणारा दोष. वाहन नापास होते.
* किरकोळ: सुरक्षेवर लक्षणीय परिणाम न करणारा दोष. वाहन उत्तीर्ण होते, परंतु दुरुस्ती लवकर करणे अपेक्षित असते.
* सूचना: सध्या दोष नाही, परंतु पुढे होण्याची शक्यता आहे, अशा बाबीकडे वेधलेले लक्ष. उदाहरणार्थ, मर्यादेच्या जवळ आलेला टायर.

नापास झालेले वाहन केंद्रातच दुरुस्त करून घेतल्यास फेरतपासणी विनामूल्य होते. दुरुस्तीसाठी वाहन दुसरीकडे नेऊन दहा कामकाजाच्या दिवसांत त्याच केंद्रात परत आणल्यास केवळ अंशतः फेरतपासणी करावी लागते. निकाल मान्य नसल्यास वाहनधारक चौदा कामकाजाच्या दिवसांत डीव्हीएसएकडे दाद मागू शकतो. मात्र तोपर्यंत ज्या भागामुळे वाहन नापास झाले, त्याची दुरुस्ती करून चालत नाही.

## वारंवार आढळणारे दोष व त्यांची कारणे

पहिल्याच तपासणीत नापास होणाऱ्या दुचाकींचे प्रमाण मोटारींच्या तुलनेत बरेच कमी असते. नापास होण्याच्या कारणांत दिवे व विद्युत यंत्रणा सातत्याने आघाडीवर राहिली आहे. ब्रेक, टायर, निलंबन व सुकाणू यांतील दोष तिच्यामागोमाग येतात.

दिवे. मोटारसायकलीचा दिवा इंजिनाच्या कंपनांच्या आणि रस्त्याच्या हादऱ्यांच्या थेट कक्षेत असतो. त्यामुळे तंतू असलेले बल्ब लवकर तुटतात. वायरिंगच्या जोडण्या बहुतांशी उघड्यावर असल्याने पावसाचे पाणी आत शिरते आणि त्या हिरवट गंजाने खराब होतात. ब्रेक लिव्हरखालील छोटे स्विच धूळ व ओलाव्यामुळे अडकून बसते. अशा वेळी मागील ब्रेकने दिवा लागतो, पण पुढील ब्रेकने लागत नाही. चालवणाऱ्याच्या हे सहसा ध्यानात येत नाही, कारण तो दिवा त्याच्या पाठीमागे असतो. झोताची दिशा बिघडण्याचे कारण पुष्कळदा दिव्यात नसतेच. मागील स्प्रिंगचा ताण बदलला किंवा पुढचा भाग खाली केला, की झोतही वरखाली सरकतो.

ब्रेक. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात. कॅलिपरमधील पिस्टन आणि सरकत्या पिना यांवर हे मीठ साचून त्या जाम होतात. पिस्टन मागे न सरकल्यास पॅड डिस्कला सतत घासत राहतो, डिस्क तापते आणि पॅड एका बाजूने झिजतो. सरकत्या पिना जाम झाल्यास दोन पॅडपैकी एकच काम करतो. मागील ब्रेक कमी वापरला जात असल्याने तो अधिक लवकर जाम होतो. जोरात ब्रेक लावताना वाहनाचे वजन पुढील चाकावर जात असल्यामुळे थांबण्याची बहुतेक क्षमता पुढील ब्रेकमध्ये असते. म्हणून त्यातील दोष अधिक गंभीर ठरतो.

टायर. सरळ महामार्गावर दीर्घकाळ चाललेल्या मोटारसायकलीचा मागील टायर मधोमध सपाट होतो. नक्षीची खोली कायदेशीर मर्यादेत असली, तरी वळणावर झुकताना अशा टायरची पकड एकसारखी राहत नाही. वर्षातून थोडेच अंतर चालणाऱ्या वाहनांत टायर झिजण्याआधी जुने होतात आणि त्यांच्या बाजूंवर बारीक भेगा पडतात.

फोर्क व बेअरिंग. फोर्कच्या नळीवरील क्रोमवर दगडाचा टवका उडाला किंवा मिठाने गंजाचे बारीक खड्डे पडले, की नळी वरखाली होताना ऑइल सीलची कड कापली जाते आणि तेल गळू लागते. हे तेल खाली ओघळून पुढील डिस्कवर गेल्यास निलंबनाच्या दोषाचे रूपांतर ब्रेकच्या दोषात होते. केवळ सील बदलल्यास खड्डे पडलेली नळी नव्या सीलचीही तीच गत करते. हँडलच्या बेअरिंगमधील ग्रीस पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन निघते. त्यानंतर गोळ्या एकाच जागी आदळत राहिल्याने बेअरिंगच्या कड्यावर खाचा पडतात आणि हँडल सरळ रेषेत ‘अडकल्यासारखे’ वाटू लागते.

चेन. सैल चेन स्प्रॉकेटवरून उतरून मागील चाक जखडू शकते, तर अतिघट्ट चेनमुळे गिअरबॉक्सच्या बाहेरील बेअरिंगवर ताण येतो. चेन सर्वत्र सारखी झिजत नसल्यामुळे तिचा ताण चाक फिरवून अनेक ठिकाणी मोजावा लागतो.

फेरबदल. काही दोष झिजेतून नव्हे, तर मालकाने केलेल्या बदलांतून उद्भवतात. लहान आकाराची किंवा अक्षरांतील अंतर बदललेली नंबरप्लेट, अपुऱ्या प्रकाशाचे छोटे इंडिकेटर, परावर्तकासह काढून टाकलेला मागील मडगार्ड आणि स्पर्धेसाठीचा सायलेन्सर ही त्यांची नेहमीची उदाहरणे होत. मूळ बल्बच्या जागी एलईडी इंडिकेटर बसवल्यास विद्युतप्रवाह घटतो आणि जुन्या पद्धतीचा फ्लॅशर ठरलेल्या मर्यादेहून जलद लुकलुकू लागतो.

## चाचणीचे निकाल आणि विश्वासार्हता

डीव्हीएसए चाचण्यांची तपशीलवार आकडेवारी वाहनधारकांची ओळख वगळून प्रसिद्ध करते. तिच्या आधारे विविध कंपन्यांच्या मोटारसायकलींची तुलना केली जाते. अशा तुलनेला अनेक मर्यादा आहेत.

पहिली मर्यादा चाचणीच्या व्याप्तीची आहे. वाटेत बंद पडणारे इंजिन, घसरणारा क्लच, जळालेला विद्युतजनित्राचा कॉइल किंवा सदोष इंधनपंप यांची चाचणीत नोंद होत नाही. रस्त्यात वारंवार बंद पडणारी मोटारसायकल दरवर्षी निर्दोष उत्तीर्ण होऊ शकते. उलट यांत्रिकदृष्ट्या अत्यंत भक्कम मोटारसायकल एका जळालेल्या बल्बमुळे नापास होऊ शकते.

दुसरी मर्यादा वापराची आहे. वर्षभर ऊनपावसात रोजच्या ये-जा करण्यासाठी वापरली जाणारी लहान स्कूटर आणि केवळ उन्हाळ्यातील सुट्यांत बाहेर निघणारी महागडी मोटारसायकल यांच्या निकालांतील फरक मुख्यत्वे वापराचा व निगेचा असतो, निर्मितीच्या दर्जाचा नव्हे. दुचाकींचे अपयशाचे प्रमाण मोटारींहून कमी असण्यामागेही कमी वार्षिक अंतर आणि हौशी मालकांची निगा ही कारणे सांगितली जातात. शिवाय दुचाकीचे बहुतेक भाग उघडे असल्यामुळे दोष मालकाला आधीच दिसू शकतो.

तिसरी मर्यादा नोंदीची आहे. चाचणीपूर्व सर्व्हिसिंगमध्ये दुरुस्त झालेले दोष आकडेवारीत येत नाहीत. त्यामुळे अपयशाचे प्रमाण हे दोष उद्भवण्याचे नव्हे, तर दुरुस्त न होता राहण्याचे माप ठरते. तुलना अर्थपूर्ण करायची असल्यास एकाच वयाची, सारख्या अंतराची आणि एकाच प्रकारची वाहने समोरासमोर ठेवावी लागतात.

या मर्यादा असूनही विशिष्ट वाहनाचा इतिहास जुनी मोटारसायकल विकत घेणाऱ्याला उपयोगी पडतो. मीटरवरील अंतर मागील वर्षापेक्षा कमी दिसल्यास मीटरशी छेडछाड झाल्याचा संशय येतो. एकच सूचना सलग दोन-तीन वर्षे नोंदली गेली असेल, तर निगेकडे दुर्लक्ष झाल्याचे उघड होते. अनेक वर्षांत अंतर जवळजवळ वाढलेच नसेल, तर रबरी नळ्या, सील आणि टायर जुने झाले असण्याची शक्यता लक्षात घ्यावी लागते.

## परिणामकारकतेविषयी वाद

नियमित तपासणीमुळे मोटारसायकलींचे अपघात किती टळतात, यावर मतभेद आहेत. अमेरिकेत लॉस एंजेलिस परिसरातील सुमारे ९०० अपघातांच्या सखोल तपासावर आधारलेल्या आणि १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हर्ट अहवाला’त वाहनातील बिघाडामुळे झालेल्या अपघातांचे प्रमाण तीन टक्क्यांहून कमी आढळले, त्यांतही पंक्चरमुळे तोल जाण्याच्या घटना अधिक होत्या. फ्रान्स, जर्मनी, इटली, नेदरलँड्स आणि स्पेन येथील ९२१ अपघातांचा अभ्यास करणाऱ्या ‘मेड्स’ या युरोपीय प्रकल्पातही दुचाकीतील तांत्रिक बिघाड हे अपघाताचे मुख्य कारण क्वचितच असल्याचे दिसून आले. या निष्कर्षांचा आधार घेऊन मोटारसायकलस्वारांच्या संघटना सक्तीच्या तपासणीऐवजी चालकांचे प्रशिक्षण आणि रस्त्यांची सुधारणा यांवर खर्च करावा, असे म्हणतात.

तपासणीच्या बाजूने असा युक्तिवाद केला जातो, की अपघातानंतर झिजलेला टायर किंवा कमकुवत ब्रेक हे ‘मुख्य’ कारण म्हणून नोंदले जात नसले, तरी थांबण्याचे अंतर वाढवून ते अपघाताची तीव्रता वाढवतात. शिवाय जेथे तपासणी प्रचलित आहे, तेथे दोषांचे प्रमाण कमी असणे हा तपासणीचाच परिणाम असू शकतो. दुचाकीवर एकाच चाकाची पकड सुटली तरी चालक पडतो आणि त्याच्याभोवती संरक्षक कवच नसते, हा मुद्दाही मांडला जातो.

## इतर देशांत

युरोपीय संघाच्या २०१४/४५ या निर्देशाने १२५ घनसेंटिमीटरहून मोठ्या दुचाकींची नियतकालिक तपासणी १ जानेवारी २०२२ पासून अपेक्षित धरली. परंतु रस्ता-सुरक्षेचे अन्य परिणामकारक उपाय योजणाऱ्या देशांना सूट देण्याची तरतूदही ठेवली. फ्रान्समध्ये या प्रश्नावर मोठा संघर्ष झाला. २०२१ मध्ये काढलेला हुकूम स्वारांच्या विरोधामुळे शासनाने बाजूला ठेवला; पुढे ‘कोन्सेय देता’ या सर्वोच्च प्रशासकीय न्यायसंस्थेने तो रद्द करणे बेकायदेशीर ठरवले आणि अखेर १५ एप्रिल २०२४ पासून तेथे तपासणी सुरू झाली. जर्मनीत मोटारसायकलींची मुख्य तपासणी दर दोन वर्षांनी होते. जपानमध्ये २५० घनसेंटिमीटरहून मोठ्या मोटारसायकलींना ‘शाकेन’ ही तपासणी लागू असून पहिली तीन वर्षांनी आणि त्यानंतरची दर दोन वर्षांनी होते.

### भारत

भारतात खाजगी दुचाकींची वार्षिक रस्तायोग्यता तपासणी होत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार खाजगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांसाठी वैध असते. त्यानंतर प्रादेशिक परिवहन कार्यालयामार्फत (आरटीओ) तपासणी होऊन तिचे एका वेळी पाच वर्षांसाठी नूतनीकरण केले जाते. या दरम्यान नियमित स्वरूपात होणारी सक्तीची तपासणी म्हणजे केवळ प्रदूषण नियंत्रणाची, म्हणजे ‘पीयूसी’ची होय, तीत ब्रेक, टायर किंवा दिवे पाहिले जात नाहीत. भाड्याने प्रवासी वाहून नेणाऱ्या दुचाकी परिवहन वाहने म्हणून नोंदल्या जात असल्याने त्यांना योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. गोव्यात ‘पायलट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चालकांच्या पिवळ्या-काळ्या मोटारसायकल टॅक्सी याच प्रकारात मोडतात.

ब्रिटनमधील चाचणीशी महाराष्ट्राचा निर्यातीच्या मार्गानेही संबंध येतो. पुण्याजवळील चाकण येथे बजाज ऑटोच्या कारखान्यात तयार होणाऱ्या केटीएमच्या लहान क्षमतेच्या मोटारसायकली आणि ट्रायम्फची ४०० घनसेंटिमीटर वर्गातील मोटारसायकल ब्रिटनमध्ये विकल्या जातात. भारतीय मालकाला पंधरा वर्षांनी द्यावी लागणारी परीक्षा याच कारखान्यातून बाहेर पडलेल्या मोटारसायकलीला तेथे तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी द्यावी लागते.

## हे सुद्धा पहा

* मोटारसायकल
* डिस्क ब्रेक
* प्रादेशिक परिवहन कार्यालय
* मोटार वाहन अधिनियम, १९८८
* रस्ता सुरक्षा